चूल नसलेली कादंबरी

माझ्या तरुणपणी एका विषयात माझा अधिकार फार मोठा मानला जाई, आणि तो विषय मी वाचलेला नव्हता.

विषय म्हणजे एक कादंबरीकार बाई. नाव सांगत नाही. ज्यांच्या घरी त्यांची पुस्तकं होती त्यांना ते कळेलच, आणि ज्यांच्या घरी नव्हती ते शेजाऱ्यांकडून नेऊन वाचत. त्या काळी त्यांची कादंबरी वाचनालयाच्या कपाटात कुणी पाहिली नसेल. ती कायम कुणाच्या तरी उशीखाली असे. माझ्या धाकट्या बहिणीच्या तर हमखास. मी मात्र समीक्षक होतो. सांगलीला बी.ए. होताना एका त्रैमासिकात वाचकांच्या पत्रांमध्ये माझं एक पत्र छापून आलं होतं, अकरा ओळींचं, त्यातल्या दोन संपादकांनी कापलेल्या. तेवढ्यावर मी समीक्षक झालो तो झालोच.

आता समीक्षकानं दुबईला कशाला जावं? नोकरी मिळाली म्हणून. साठीच्या दशकाची मधली वर्षं. आज तिथं मान मोडेपर्यंत वर पाहावं लागतं. तेव्हा देरा या आमच्या वस्तीतली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे मशिदीचा मनोरा, आणि त्या खालोखाल माझं स्वतःबद्दलचं मत. खाडीच्या काठावर एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी कारकून होतो. मुंबईहून दर पंधरवड्याला बोट यायची, ती बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माल पडाव नावाच्या होड्यांत उतरवून खाडीत आणला जायचा. त्या मालाचे कागद मी बघायचे. इंग्रजीत लिहायचं, हिंदीत भांडायचं आणि शेवटी अरबीत 'खलास' म्हणायचं, असं ते काम होतं.

दुपारी एक ते चार ऑफिस बंद. त्या वेळेला मी भाभींकडे जेवायला जात असे. भाभी आणि भाई रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे. भाई पडाव ओढणाऱ्या लाँचचं इंजिन चालवत. माणूस दारातून आत आला की उजेड कमी व्हायचा, एवढा थोरला. भाभी घरी शिवणकाम करत. अरबी बायकांचे झगे शिवून शिवून त्यांचा हात असा बसला होता की बायका बर दुबईहून खाडी ओलांडून मापं द्यायला यायच्या. घर खजुराच्या झापांचं. "तिकडे माडाचे झाप, इथं खजुराचे. एवढ्यासाठी दर्या ओलांडला," असं भाई म्हणायचे. झापांच्या त्या घरात सगळ्यात मानाची जागा शिवणाच्या मशीनला होती. तिच्यावर भरतकाम केलेलं कापड, तिला दर शुक्रवारी तेल. भाईंना दर शुक्रवारी तेल मिळे की नाही, ठाऊक नाही.

भाभींची मराठी आमच्यासारखीच, फक्त 'मला' न म्हणता 'मना' म्हणायच्या, आणि मला 'भावजी' म्हणून लगेच 'तू'वर यायच्या. त्यांच्या हातची सुरमई खाऊन मी सांगलीला वडिलांना पत्र लिहीत असे की इथं सात्त्विक जेवणाची उत्तम सोय झाली आहे.

या घरात त्या बाईंची कादंबरी आली. भाभींच्या बहिणीनं मुंबईहून बोटीनं पाठवलेली. भाभी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. भाईंना उर्दू वाचता येई, मराठी नाही. म्हणून जेवणानंतर भाभी मोठ्यानं वाचत आणि भाई आडवे पडून ऐकत. मी हात धुता धुता नाक मुरडत असे.

"काय पंडित," भाई म्हणायचे, "आज तोंड का वाकडं? मिरची लागली की मराठी?"

"भाई, असल्या कादंबऱ्या म्हणजे चूल, मूल आणि फूल."

हे माझं लाडकं वाक्य होतं. आम्ही मराठी बोलणारी दहाबारा माणसं शुक्रवारी सकाळी बर दुबईत एका बँकवाल्याच्या गच्चीवर जमत असू, तिथं मी ते तीन वेळा टाळ्यांसकट वापरलं होतं. चूल म्हणजे संसार, मूल म्हणजे त्याग आणि फूल म्हणजे शेवटच्या पानावर नवरा बायकोच्या केसांत माळतो ते. या बाईंची एक कादंबरी मी खरंच वाचली होती. म्हणजे अर्धी. म्हणजे बहिणीच्या उशीखालची, मधली पानं.

ही नवी कादंबरी एका मास्तरणीची होती. लग्न झालेली बाई, सासरच्यांशी पटेना, म्हणून तालुक्याच्या गावी शाळेत नोकरी धरते, एक खोली घेते आणि एकटी राहते. सासऱ्याचं पत्र येतं, परत ये. नवरा मध्ये लटकलेला. आता ती जाते की राहते, एवढाच प्रश्न.

योगायोग असा की हाच प्रश्न झापांच्या घरातही येऊन बसला होता. भाईंच्या वडिलांचं पत्र आलं होतं. सून परक्यांचे कपडे शिवते हे गावात कळलं, चार लोक बोलतात. मशीन विकून टाका आणि येत्या बोटीनं सुनेला घरी पाठवा, तू तिथंच राहून कमव. भाईंनी ते पत्र मला दाखवलं होतं. उर्दूत असल्यामुळे मी नुसतं गंभीर चेहऱ्यानं पाहिलं.

"बापाला नाही म्हणायला माझी जीभ उठत नाही," भाई म्हणाले. "हिला जा म्हणायला पण उठत नाही. तर आम्ही ठरवलंय, पुस्तकातली बाई करील ते करायचं."

मी भाभींकडे पाहिलं. मला वाटलं त्या हसतील. त्या मशीनमध्ये दोरा ओवत होत्या.

"मी बोलले तर म्हणतील बायको बोलते," त्या म्हणाल्या. "पुस्तक तरी कुणाची बायको नाही."

पुस्तक संपायला दोन प्रकरणं राहिली असताना मी ते मागितलं. शुक्रवारी गच्चीवर एक उतारा वाचून दाखवायचा आणि बाईंचा पुरता निकाल लावायचा, असा बेत होता. भाभींनी पुस्तक दिलं, पण दोन्ही हातांनी. "पानं दुमडू नको. आणि शेवट कळला तरी मना सांगू नको."

शेवट मी वाचलाच नाही. गरजच नव्हती. शेवट मला पाठ होता!

गच्चीवरचा कार्यक्रम झकास झाला. इतका की परत येताना मला थांबवेना. खाडी ओलांडायला होडी असते, तिला तिथं अब्रा म्हणतात. आम्हा मराठी माणसांना या शब्दाची मोठी गंमत वाटे आणि 'अब्रा सांभाळून' हा विनोद प्रत्येक नवा माणूस आठवडाभर करी. तर अब्रात मी आणि माझ्याच ऑफिसातला एक टायपिस्ट. त्याला उताऱ्याचा उत्तरार्ध ऐकायचा होता. मी उभा राहिलो. अब्रात उभं राहू नये, वल्हेवाला ओरडत होता. एका हातात पुस्तक, दुसरा हात कपाळावर, मी मास्तरीण झालो आणि आभाळाला विचारलं, "देवा, मी कुणाची?"

देवानं काय उत्तर दिलं ते पाहा. तेवढ्यात शेजारून एक लाँच गेली, अब्रा हलली, मी बसलो तो एका कोंबड्यांच्या टोपलीवर, आणि पुस्तकाचा शेवटचा फर्मा सुटला. फर्मा म्हणजे सोळा पानांचा शिवलेला गठ्ठा. या पुस्तकाची शिवण आधीच ढिली होती. तो गठ्ठा पाण्यावर उघडा पडला, एखाद्या पक्ष्यासारखा दोन क्षण तरंगला आणि बुडाला. कोंबड्यांचा मालक, वल्हेवाला आणि टायपिस्ट तिघंही तीन भाषांत हसत होते. अब्रात बसून अब्रू जाणं म्हणजे काय, हे मला फोड करून सांगावं लागलं नाही.

खोलीवर येऊन मी विचार केला. दुसरी प्रत मुंबईहून यायला पंधरवडा. तोवर भाभींना काय सांगायचं? "तुमची थट्टा करताना तुमचं पुस्तक बुडवलं"? आणि मग माझ्या डोक्यात तो प्रकाश पडला, जो माझ्या आयुष्यात फक्त संकट वाढवायलाच पडतो. शेवट मला ठाऊक होता. मग लिहून का काढू नये?

मी कोरे कागद घेतले, सुवाच्य अक्षर काढलं आणि त्या संध्याकाळी बाईंची कादंबरी पूर्ण केली. नवरा मास्तरणीच्या खोलीवर येतो. ती चुलीपुढे बसलेली, फुंकणीनं जाळ करते आहे. डोळ्यांत पाणी, धुराचं की मनाचं, कोण सांगणार. (हे वाक्य लिहून मी खूश होऊन पाणी प्यायलो.) नवरा काही न बोलता मोगऱ्याचं फूल तिच्या केसांत माळतो. ती राजीनामा लिहिते आणि त्याच्या मागून सासरची वाट धरते. समाप्त.

मला खरंच वाटत होतं की मूळ शेवट हाच आहे. हे मी स्वतःची बाजू सावरायला सांगत नाही. उलट हाच गुन्हा मोठा.

भाभींना सांगितलं की फर्मा छापखान्यातूनच गहाळ होता, शारजात एका गृहस्थाकडे प्रत मिळाली, तिच्यावरून उतरवून आणला. "शारजात?" भाभी म्हणाल्या. "वाळूतून एवढा लांब गेलास?" मी विनयानं मान खाली घातली.

वाचायचं मीच म्हणालो. अक्षर माझं होतं. मी वाचलं. बरं वाचलं. भाई उठून बसले होते. फूल माळून झालं, मास्तरीण निघाली, समाप्त. भाई म्हणाले, "खलास. झालं तर मग." आणि उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाभींसाठी परतीच्या बोटीचं डेकचं तिकीट आणलं. बोट वर बसऱ्यापर्यंत जाऊन आठ दिवसांनी मुंबईला जाताना दुबईवरून जायची होती.

मला वाईट वाटलं, पण साहित्याचा विजय झाला असंही वाटलं. माणसाला सव्विसाव्या वर्षी अशा दोन गोष्टी एकदम वाटू शकतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर भाई घरी नव्हते. मशीनवरचं भरतकामाचं कापड काढून गोणपाट टाकलं होतं. भाभींनी ताट वाढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तिच्या खोलीत चूल कुठनं आली?"

"कुणाच्या?"

"मास्तरणीच्या."

मी सुरमईत काटा शोधू लागलो.

"घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी सांगितलंय, भिंती काळ्या होतील, माझ्या खोलीत चूल चालणार नाही. म्हणून तर ती स्टोव्ह घेते. जुना, एक पाय आखूड. त्याच्याखाली पाटीचा तुकडा लावते. आख्खं तिसरं प्रकरण स्टोव्हचं आहे. पुढं दर वेळी पिन करून करून तिचा अंगठा काळा झालेला. आणि शेवटाला ती फुंकणी घेऊन बसली? स्टोव्ह कुणाला दिला तिनं?"

तिसरं प्रकरण मी बाजारहाट म्हणून गाळलं होतं.

"आणि दुसरं," भाभी म्हणाल्या. त्यांना आता मजा येऊ लागली होती. "या बाईच्या पुस्तकात दारात कुणी आला, अगदी दुश्मन आला, तरी आधी पाणी विचारतात. तुझा नवरा आला, फूल घातलं, राजीनामा झाला. पाण्याचा गिलास कुठाय? चाळीस मैल यष्टीनं आलेला माणूस!"

"भाभी, तुम्हांला वाचतानाच कळलं?"

"फुंकणीला कळलं."

"मग भाईंना का नाही सांगितलंत?"

त्यांचं हसू गेलं. "काय सांगू? मी हरले आणि आता म्हणते शेवट खोटा? मना कोण खरी मानील? तू लिहिलंस, तूच सांग. नाहीतर खरी पानं आण. बोट जायला पाच दिवस आहेत."

आता दोन रस्ते होते. एक, भाईंना तोंडानं सांगायचं. भाईंचा पंजा मी जवळून पाहिला होता. ते इंजिनाचे नट कधी कधी पाना न लावता सोडवत. म्हणून मी दुसरा रस्ता धरला आणि तारऑफिसात गेलो. बहिणीला तार करायची. तिनं ही कादंबरी वाचली नसणं शक्यच नव्हतं. तारेला शब्दागणिक पैसे, शिवाय संक्षेप हा समीक्षकाचा गुण. मी आधी बहिणीचं नाव गाळलं. घर तेच आहे, पोचेल. मग 'कादंबरी' गाळलं; ती समजून घेईल. उरली ती तार अशी: 'शी रिटर्न्स टु हजबंड ऑर नॉट. वायर अर्जंट.' खिडकीतल्या गोऱ्या साहेबानं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते मला 'गुड लक' म्हणाला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'शी मस्ट रिटर्न. यू ऑल्सो. फादर.'

म्हणजे ती परत जाते! मी बरोबर होतो! चूल चुकली असेल, पण फूल बरोबर होतं! 'यू ऑल्सो' म्हणजे काय ते नीट कळलं नाही. वाटलं, आई रजेची आठवण करत असेल. फक्त खाली सही वडिलांची पाहून मन खट्टू झालं. बाबासुद्धा असल्या कादंबऱ्या वाचायला लागले!

तार घेऊन मी धावत भाभींकडे गेलो. मराठीत अर्थ सांगितला. भाभींनी तार हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, "तू काय विचारलं होतंस? शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं.

त्या आधी हसल्या नाहीत. मग ओढणी तोंडात कोंबली. मग मशीनच्या टेबलाला धरून खाली बसल्या. "अल्ला! भावजी, हे पुस्तकाचं उत्तर नाही रे! तुझ्या बापाला वाटलं तू कुणाची बायको आणून ठेवलीस!"

मी तार पुन्हा वाचली. 'मस्ट.' 'यू ऑल्सो.' अकरा ओळींच्या पत्रातल्या दोन ओळी संपादकांनी का कापल्या असतील, याचा मला पहिल्यांदाच उलगडा झाला. मी बसलो तो भाभींच्या कापडाच्या तुकड्यांवर, आणि तिथं टाचण्या होत्या.

उरला पहिला रस्ता.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. भाई लाँचच्या इंजिनात कमरेपर्यंत वाकलेले. मी त्यांच्या पाठीलाच सगळं सांगितलं. तोंडाला सांगण्याएवढी हिंमत नव्हती. अब्रा, कोंबड्या, फर्मा, शारजा, चूल, तार. पाठ हलेना. मग ते बाहेर आले, हात पुसले. चिंधी चार वेळा घडी केली.

"शेवट तू लिहिलास?"

"हो."

"लिहिताना तुला खरंच वाटलं, बाई जाईल?"

"हो भाई. असल्या कादंबऱ्यांत बाया जातातच."

"किती वाचल्यास असल्या?"

"एक," मी म्हणालो. आणि आता खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यामुळे पुढं म्हणालो, "अर्धी."

मला वाटलं आता खाडीत जाणार, फर्म्याच्या भेटीला. भाईंनी मला खांद्याला धरून लाँचच्या कडेला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. लाँच त्या बाजूला कलली.

"माझा बाप पण असाच," ते म्हणाले. "पत्रात लिहितो, तिला घरी यायचंच असेल. कधी विचारलं? मी तरी कधी विचारलं? तिला काय पाहिजे ते तिनं मना किती वेळा सांगितलं असेल, मी म्हणायचो पुस्तक बघू." मग एकदम माझ्या मांडीवर थाप मारून हसायला लागले. ती थाप आजही थंडीत दुखते. "अर्धी! अर्धी वाचून दोन बायांची वाट लावलीस, पंडित! यल्ला, चल, हे तिकीट परत देऊन ये. खरा शेवट येईपर्यंत कुणी हलत नाही. आणि तिकीटवाल्याला कारण तूच सांगायचं."

बोट गेली. भाभी किनाऱ्यावर राहिल्या. मशीनवर गोणपाटच होतं, कारण अजून काही ठरलेलं नव्हतं. ते फक्त पुढं ढकललं होतं. त्या गोणपाटाकडे पाहत मी आठ दिवस जेवलो. सुरमईसुद्धा दुसऱ्यांदा मागितली नाही, म्हणजे किती ते बघा.

मग बहिणीचं विमानपत्र आलं, जाडजूड. "दादा," तिनं लिहिलं होतं, "तार आली तेव्हा बाबा पूजेला बसले होते. वाचून सोवळ्यातच उठले आणि आईला म्हणाले, 'तुझ्या मुलानं दुसऱ्याची बायको आणली आणि आता मला विचारतो, परत पाठवू का!' दोन दिवस घरात मुकं जेवण झालं. तिसऱ्या दिवशी तार माझ्या हाती लागली. मला लगेच कळलं, कारण वाचनालयात माझा नंबर लागून ती कादंबरी तेव्हा माझ्याच उशीखाली होती. बाबांना समजावलं आहे. ते म्हणतात, कादंबरीपेक्षा बायको पळवलेली परवडली. वाचनालयाचं पुस्तक फाडता येत नाही, म्हणून शेवटची सोळा पानं हातानं उतरवून पाठवते. तू ही कादंबरी वाचतो आहेस याचा मला फार आनंद झाला."

हातानं उतरवून! झापांच्या घरात मी पुन्हा एकदा हस्तलिखित शेवट घेऊन उभा राहिलो. भाई कागदांकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "हा शारजाचा की सांगलीचा?"

"भाई, अक्षर बघा. बाईचं अक्षर आहे."

"तू 'देवा, मी कुणाची' म्हणालास तेव्हा तू पण बाईच होतास."

भाभींनी कागद घेतले आणि उभ्या उभ्या मनातल्या मनात वाचू लागल्या. एक पान, दोन पानं. बोट ओळींवरून फिरत होतं, काहीतरी शोधत होतं. तिसऱ्या पानावर ते थांबलं.

"स्टोव्ह आहे," त्या म्हणाल्या. "पाटीचा तुकडा पण आहे. हा खरा."

मग त्या बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. शेवट असा होता. नवरा वळकटी घेऊन मास्तरणीच्या खोलीवर येतो. ती स्टोव्हला पिन करते आहे. ती उठत नाही, रडत नाही. पाणी देते. तो म्हणतो, "बाबांना सांगून आलोय." काय सांगून, ते बाई लिहीत नाहीत. तो वळकटी कुठे ठेवू म्हणून उभाच राहतो. दोन पानं नुसता उभा राहतो, आणि त्या दोन पानांत स्टोव्ह फरफरतो, विझतो, पुन्हा पेटतो. शेवटी ती म्हणते, "नळ सहाला येतो, सातला जातो. घागर दाराआड आहे." पुस्तक संपतं.

राजीनामा नाही. माफी नाही. फूल तर नाहीच.

"बस?" भाई म्हणाले.

"बस," भाभी म्हणाल्या.

"मग घागर कुणी भरली?"

"लिहिलं नाही."

भाई विचारात पडले. इंजिनात काय बिघडलंय ते ऐकताना पडत तसे. मग म्हणाले, "आपल्याकडे पाणीवाला गाढव घेऊन कधी येतो?"

"तीन वर्षं झाली या घराला. ठाऊक नाही तुला?"

"नाही."

"पहाटे, फजरची नमाज झाली की."

बापाला त्यांनी उर्दूत काय लिहिलं, मला माहीत नाही. एका पानात मावलं एवढं पाहिलं. पण दुसऱ्या सकाळी लवकर मी मुद्दाम त्या बाजूनं ऑफिसला गेलो. दोन्ही हातांत पत्र्याचे डबे घेऊन भाई गाढवाजवळ उभे होते आणि पाणीवाल्याशी वाद घालत होते, कारण त्यांना रांग असते हे ठाऊक नव्हतं. मागे, झापांच्या आत, मशीन चालू होतं.

पुढे मी त्या बाईंच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्या, काही दोनदा. दोष आहेत, समीक्षक असल्यानं सांगणं भाग आहे. नायक सहा फुटांखाली येत नाहीत. कुणी आजारी पडलं की डॉक्टर हमखास बालमित्र निघतो. विशेषणं त्या मूठ मूठ टाकतात. आणि बाया रडतात, खूप रडतात. पण रडताना त्यांच्या हातात काय आहे, ते आता मी पाहतो. एक रडते ती किल्ल्या मोजत. एक रडते ती दळणाची पिशवी न सोडता. त्यांच्या कुठल्याही पुस्तकात 'मी स्वतंत्र आहे' असं कुणी बाई म्हणत नाही. ती फक्त स्वतःचा स्टोव्ह घेते आणि त्याचा आखूड पाय कसा टेकवला, ते लेखिका चार पानं सांगत बसते. आम्ही पुरुष ती चार पानं बाजारहाट म्हणून उलटायचो आणि मग गच्चीवर जाऊन म्हणायचो, या बाईंना विचार नाही. विचार होता. तो आम्ही गाळलेल्या पानांत होता. आमच्या बायका आणि बहिणी तो आमच्या देखत, आमच्याच घरात, उशीखाली ठेवून झोपत होत्या.

गच्चीवर मी माझी चूक कबूल केली का? केली. चौथ्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत एवढंच.

ते पुस्तक नंतर बर दुबई, शारजा, अजमानपर्यंत हातोहात फिरलं. कितीतरी वर्षांनी, भाभींनी स्वतःचं दुकान घातल्यावर, ते मला त्यांच्या कपाटात दिसलं. माझ्या बहिणीची पानं शेवटी मशीननं शिवून घातली होती, दुहेरी टीप घालून. आणि त्यांच्या आधी, माझीही. टाकली नव्हती. कडेला भाभींच्या सातवीच्या अक्षरात, पुढच्या वाचणारीसाठी, पेन्सिलीनं लिहिलं होतं: "ही पानं सोडा. याला स्टोव्ह दिसला नाही."

माझ्या लेखनावर आजवर आलेलं हे एकमेव परीक्षण. आणि भाभींनी पुस्तक पूर्ण वाचून लिहिलेलं.